भिंगाखालची खिडकी

१

उत्तरेची खिडकी उघडायची, टेबल ओल्या फडक्यानं पुसायचं, मायक्रोस्कोपवरची पिशवी काढायची आणि त्याच्या पायाशी असलेला गोल आरसा आभाळाकडे वळवायचा. दया उजागरेचा दिवस असा सुरू व्हायचा. लढाईचे दिवस होते, रॉकेल रेशनवर; तेव्हा जे काय पाहायचं ते सूर्य डोक्यावर असेपर्यंत.

बंगला शिंगणापूरपासून कोसभर अंतरावर, उघड्या माळावर होता. मिशनचे साहेब कधीच निघून गेले होते. एका साली नाकतोड्यांनी बाजरी खाऊन फस्त केली, सरकार जागं झालं, आणि पुण्याच्या कॉलेजातल्या दयाच्या सरांनी ती संधी साधून हा बंगला मिळवला. सरकारला नाकतोडे मारायचे होते. सरांना नाकतोड्याच्या पोटात पेशी कशी दुभंगते ते पाहायचं होतं. दोघांचं जमलं, आणि बेचाळीसच्या पावसाळ्यानंतर दोन मुली दोन मायक्रोस्कोप घेऊन माळावर दाखल झाल्या. एक दया, संगमनेरच्या मिशन शाळेतल्या एलिया मास्तरांची एकुलती एक मुलगी. दुसरी पुण्याची विजया.

विजया पुढच्याच माघात लग्न होऊन नागपूरला गेली. तिच्या जागी कुणी आलं नाही. तिचं टेबल दयाच्या शेजारी, त्याच खिडकीशी तसंच राहिलं; खुर्ची तेवढी भिंतीशी सरकली.

आता चव्वेचाळीसचा चैत्र लागला होता. एलिया मास्तर जाऊन तीन वर्षं झाली होती, आई त्याआधीच गेली होती. सकाळी रंगुबाई यायची, भाकरी टाकायची, काचेची भांडी घासायची आणि उन्हं तापायच्या आत शिंगणापूरची वाट धरायची. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत दयाच्या कानावर माणसाचा शब्द पडायचा नाही. रविवारी ती वडिलांचं बायबल उघडून मोठ्यानं वाचायची. प्रार्थनेपेक्षा स्वतःचा आवाज ऐकायला.

काम मात्र मन लावून करायची. नाकतोडा उघडून वृषणाच्या बारीक नळ्या काढायच्या, औषधात बुडवून जिथल्या तिथं थिजवायच्या, मेणात बसवायच्या, मेणाचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचपट्टीवर चिकटवायचे आणि रंगवायचे. मग डोळा लावला की निळ्याकाळ्या पेशींची दाट वस्ती दिसे. दुभंगणाऱ्या पेशीच्या पोटात काळे दोरे असत. ते जोडीजोडीनं जवळ येत, मग दोन बाजूंना ओढले जात, आणि एकीच्या दोन होत. ती त्यांची चित्रं काढायची.

या कामात एक गंमत होती. आरशाच्या वर उजेड गोळा करणारं एक भिंग असतं; ते जरा वर सरकलं की उजेडाबरोबर खिडकीही आत यायची. पेशींच्या गर्दीवर खिडकीचे उभे गज उमटायचे आणि गजांपलीकडची बाभळ, इवलीशी पण काटा न काटा ओळखू यावी अशी. मायक्रोस्कोपवर बसणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. भिंग किंचित खाली घेतलं की चित्र विरून जातं. दया अलीकडे ते लगेच खाली घेत नसे. तेवढीच बाहेरची सोबत.

२

चैत्रात माळावर गवताची काडी नव्हती, तरी एका सकाळी खिडकीच्या गजावर नाकतोडा बसलेला तिला दिसला. मोठा, मातकट रंगाचा. हात लावला तरी उडाला नाही. या दिवसांत ताजा जीव मिळाला म्हणून ती हरखली. त्याच दिवशी तो उघडला, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या काचपट्ट्या तयार झाल्या.

पहिलीच पट्टी भिंगाखाली सरकवली आणि ती चाट पडली. एरवी शेकडो पेशींत एखाददुसरी दुभंगताना सापडायची. इथं जिथं नजर जाईल तिथं दोरे ताणलेले होते, जणू सगळी वस्ती एकाच घटकेला दोन होत होती. तिनं भिंग वर-खाली करून पाहिलं. गज आले, बाभळ आली.

बाभळीखाली माणूस उभा होता.

दयानं मान वर केली. खिडकीबाहेर बाभळ होती, तिची विरळ सावली होती, आणि पुढं नेवाशाच्या दिशेनं पार डोळ्यांच्या टोकापर्यंत रिकामा माळ. लपायला खड्डासुद्धा नव्हता.

तिनं परत डोळा लावला. माणूस तिथंच होता. तोंड बंगल्याकडे. अंगावर काय आहे, बाई आहे का बुवा, काही कळत नव्हतं. पण माणूस उभा राहतो तसं ते उभं होतं, एका पायावर भार देऊन, ताटकळल्यासारखं.

रंगाचा कण असणार, ती स्वतःशी मोठ्यानं म्हणाली. रंग नीट गाळला नाही की गाळ बसतो. खातरी करायला तिनं पट्टी काढली. गज होते, बाभळ होती, खाली कुणी नव्हतं. म्हणजे कणच. तिला हसू आलं. तिनं त्याच नाकतोड्याची दुसरी पट्टी लावली.

माणूस बाभळीच्या अलीकडे आला होता.

रंगाचा कण दोन पट्ट्यांवर सारखा बसत नाही. आणि बसला तरी त्याला पुढं टाकलेलं पाऊल नसतं. दयानं मायक्रोस्कोपवर पिशवी घातली, स्वयंपाकघरात जाऊन तांब्याभर पाणी प्याली, आणि तो सगळा दिवस ती मागच्या पडवीत बसून राहिली.

३

दुसऱ्या दिवशी रंगुबाई गेल्यावर तिनं शांत डोक्यानं विचार केला. चित्र खिडकीतून येतं. खिडकीच बंद केली तर?

खिडकीची लाकडी दारं तिनं ओढून घेतली, अडसर घातला, फटीत कापड कोंबलं. जपून ठेवलेल्या रॉकेलमधून कंदील भरला आणि आरशासमोर ठेवला. भर दुपारी खोलीत अंधार झाला. बाहेर ऊन लाकडावर तडतडत होतं.

भिंगाखाली आता नुसत्या पेशी होत्या. पिवळसर उजेडात स्वच्छ, एकीला एक लागून. गज नाहीत, बाभळ नाही. दयाचा जीव भांड्यात पडला. म्हणजे उजेडाचाच खेळ. तिनं कागद ओढला आणि चित्र काढायला घेतलं. बऱ्याच दिवसांनी हात असा मोकळा चालत होता. एका पेशीतले दोरे काढून झाले, ती दुसरीकडे वळली, आणि तिच्या लक्षात आलं की पेशींवरून बारीक सावल्या गेल्या आहेत. उभ्या, समान अंतरावर.

खिडकीचे गज.

खिडकी बंद होती. तिनं मान वळवून पाहिलं, अडसर जागच्या जागी होता. पुन्हा डोळा लावायला नको, हे तिला कळत होतं. तिनं लावला. गजांपलीकडे उन्हातली बाभळ होती. बाभळीखाली कुणी नव्हतं, अलीकडेही नव्हतं. मग तिनं गजांकडे नीट पाहिलं. दोन गजांवर, छातीच्या उंचीला, काहीतरी जाड होतं. वळलेली बोटं होती ती. कुणीतरी गज धरून, अगदी जवळ, उंबऱ्याशी यावं तसं आलं होतं. इतकं जवळ की चेहरा वर्तुळाच्या बाहेर गेला होता.

कंदिलाची वात फरफरली. बाहेर काहीही वाजत नव्हतं. शेवटी दया उठली, आणि जे होईल ते होवो म्हणून अडसर काढून दारं धाडकन उघडली.

कुणी नव्हतं. डोळे दिपवणारं ऊन, माळ, बाभळ. तिनं आधाराला गज धरला आणि चटका बसून हात मागं घेतला. लोखंड तव्यासारखं तापलं होतं. मग, का कोण जाणे, तिनं बोटांच्या टोकांनी गज खालून वर चाचपत नेला. चटका, चटका, आणि छातीच्या उंचीला एकदम गार. मुठीएवढी जागा, माठाच्या पाठीसारखी गार. शेजारच्या गजावरही तशीच.

४

त्यानंतर शहाण्या माणसानं बाडबिस्तरा आवरला असता. दयानं तसं केलं नाही. सरांना काय सांगायचं? की नाकतोड्याच्या पेशीत माणूस दिसतो? एकट्या बाईला माळावर ठेवू नका असं म्हणणारे तेव्हाही होते, त्यांना आयतं कोलीत मिळालं असतं.

पण खरं कारण ते नव्हतं, आणि तिला ते आतून माहीत होतं. आताशा सकाळी उठताना तिला पूर्वीसारखं जड वाटत नव्हतं. केस विंचरताना ती आरशात जरा जास्त वेळ पाहत होती. एकदा चहा गाळताना तिचं तिलाच दिसलं, समोर दोन कप मांडलेले. ती घाबरली. दुसरा कप तिनं विसळून ठेवून दिला, आणि रंगुबाईला हाक मारली.

"रंगुबाई, जरा इकडे या. यात डोळा लावून बघा."

रंगुबाईनं पदराला हात पुसले. "मला काय कळतंय बाई त्यातलं? किडं-मुंग्या तुमच्या."

"कळायला नको. काय दिसतं तेवढं सांगा."

रंगुबाई वाकली. आधी भलताच डोळा मिटला, मग सुधारला.

"दिसलं का?"

"दिसतंय की. आपली खोली हाय."

"खोली? खिडकी म्हणा. गज आणि बाभळ."

"गज न्हाई न् बाभळ न्हाई." रंगुबाईचा डोळा नळीलाच होता. "हीच खोली. ही टेबलं, ती फळी, तुमची पाठ. लई ब्येस दिसतंय, फोटूवानी. पर बाई," तिचा आवाज बारीक झाला, "तुमच्या बाजूला ते कोन बसलंय?"

दया तेव्हा रंगुबाईच्या मागं उभी होती. तिची स्वतःची खुर्ची रिकामी होती. तिनं शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. विजयाची खुर्चीही रिकामीच होती, फक्त भिंतीशी असायची ती टेबलाजवळ ओढलेली दिसत होती.

"बाई आहे की बुवा?" दयानं विचारलं. आपण हे इतक्या सहज विचारतोय याचं तिलाच नवल वाटलं.

रंगुबाई ताठ उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. "मी न्हाई सांगायची. तुमी चला माझ्यासंगं. आत्ताच्या आत्ता. आमच्यात ऱ्हावा. आमचं घर लई मोठं न्हाई, पर मानसं हायेत."

"काम आहे हो माझं."

"काम कुटं पळून जातंय? आन् ती खुर्ची, बाई... मी सकाळी झाडलं तवा भिताडाला हुती."

५

दया गेली. दोन लुगडी आणि बायबल घेऊन, खोलीला कुलूप लावून, रंगुबाईच्या मागोमाग उन्हातून चालत गेली.

रंगुबाईचं घर शिंगणापुरातल्या साऱ्या घरांसारखं, चौकट होती आणि दार नव्हतं. नवरा पुंजाराम, दोन मुलगे, दोन सुना, ओसरीवर शेळी. माणसं चांगली. मिशनची बाई म्हणून कुणी नाक मुरडलं नाही. पुंजारामनं स्वतःची बाज तिला दिली. सुनांनी गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी पुढं केली आणि कौतुकानं विचारलं,

"किड्याच्या पोटात काय बगता वं बाई?"

"एकाचे दोन कसे होतात ते," दया म्हणाली. सगळ्या खो खो हसल्या. तीही हसली.

पण ते हसणं ओसरलं की बोलणं तिच्या डोक्यावरून जाई. कुणाची गाय व्याली, कुणाच्या लेकीला सासरी जाच आहे, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं. ती माणसं एकमेकांत अशी गुंतलेली होती की एकाचं वाक्य दुसरा पुरं करायचा. तिच्याशी बोलताना मात्र थांबून, सावरून बोलायची. बंगल्यात ती एकटी होती तेव्हा एकटेपणाला निदान जागा होती. इथं भरल्या घरात तो तिच्या छातीवर येऊन बसला.

एका दुपारी घरातली सगळी शेतावर गेली होती. दया बाजेवर बसून होती. तिची नजर त्या दार नसलेल्या चौकटीवर होती. कुणीही आत येऊ शकेल, असं तिच्या मनात आलं. मग तिला कळलं की मघापासून आपण त्याच आशेवर बसलो आहोत, आणि घाबरून नव्हे.

ती उठली, पिशवी उचलली आणि चालू लागली.

शेताच्या बांधावरून रंगुबाईनं तिला पाहिलं. ती हातातलं टाकून धावत आली, वाटेत आडवी उभी राहिली. धापा टाकत होती.

"मानसांतनं उठून कुटं चाललासा?"

"काम राहिलंय, रंगुबाई. सर विचारतील."

"सर इचारतील का दुसरं कुनी वाट बगतंय?"

दया तिला वळसा घालून निघाली. रंगुबाईनं तिचा हात धरला. खरखरीत, ऊन, मातीनं भरलेला हात. "आवो, ते काय हाय ते मला ठावं न्हाई. पर ते तुमच्या चांगल्यापायी आलेलं न्हाई. माझं आयका."

"तुम्ही पाहिलंत ना त्याला? चेहरा पाहिलात?"

रंगुबाईनं मान खाली घातली. "चेहरा हाय व्हय त्याला?" ती पुटपुटली.

दयानं हळूच आपला हात सोडवून घेतला.

६

तिनं कुलूप काढलं. खोलीत कोंडलेल्या उन्हाचा वास होता. विजयाची खुर्ची भिंतीशी होती. दयाला ते पाहून हायसं वाटायला हवं होतं.

तिनं खिडकी उघडली, आरसा वळवला, पट्टी सरकवली.

पेशी होत्या. नुसत्या पेशी. तिनं आरशावरचं भिंग वर घेतलं. गज आले, बाभळ आली. बाभळीखाली कुणी नव्हतं. तिनं दुसरी पट्टी लावली. तिसरी. त्या नाकतोड्याच्या होत्या तेवढ्या सगळ्या लावून झाल्या. आणि आता तिला आणखी एक दिसलं. पूर्वी ज्या पेशी दुभंगत होत्या, दोरे ताणून अर्ध्यावर थांबल्या होत्या, त्यांतली एकही तशी राहिली नव्हती. रंगवलेल्या, डिंकात बंद केलेल्या, कधीच्या मेलेल्या त्या पेशींचं काम पुरं झालं होतं. जिकडे पाहावं तिकडे जोड्या होत्या.

ती घाबरली, पण भीतीहून मोठं दुसरंच काहीतरी होतं. ते निघून गेलं, आपण सोडून गेलो म्हणून निघून गेलं, हा विचार तिला सोसेना. पाण्यानं डोळा भरला, काच धूसर झाली, तरी ती पट्टी इकडून तिकडे सरकवत राहिली, गर्दीत हरवलेलं माणूस शोधावं तशी.

"कुठे आहेस?" ती म्हणाली.

खोलीत तो शब्द मोठा वाटला. माळावरून दुरून हाक येत होती. "बाई! ओ बाई!" रंगुबाई मागोमाग आली होती. हाक बाभळीपर्यंत आली असेल, जवळ येत होती.

मायक्रोस्कोपवर बसणारा माणूस दुसरा डोळा मिटत नाही, मिटला तर शिणवटा येतो. तो उघडाच ठेवायचा आणि त्यात दिसेल त्याकडे लक्ष द्यायचं नाही, अशी सवय असते. दयाचा डावा डोळा उघडा होता. त्यात टेबलाची कड होती, पट्ट्यांची पेटी होती, तिचाच उजवा हात होता. पाहता पाहता हे सगळं काळं झालं.

डोळ्यावर तळवा आला होता. मागून. गार, कोरडा, आणि अगदी हळुवार. बोटांना लवंगेच्या तेलाचा वास होता, कापांना लावतात त्या तेलाचा, तिच्या स्वतःच्या बोटांना असायचा तसा.

त्याच क्षणी उजव्या डोळ्यासमोर, पेशींच्या त्या शांत जोड्यांवर, खोली उमटली. फळी, दोन टेबलं, वाकून बसलेली तिची पाठ. आणि पाठीशी जे उभं होतं ते तिनं पाहिलं. चेहऱ्यासकट पाहिलं, केस विंचरताना आरशात दिसायचा तोच चेहरा. जेमतेम एका श्वासापुरतं.

"बाई! दार उगडा!" रंगुबाई पडवीत पोचली होती, दोन्ही हातांनी दार बडवत होती. दार कुणी लावलं होतं ते दयाला आठवत नव्हतं.

तिनं उजवा डोळाही मिटून घेतला. डावा हात वर नेला, डोळ्यावरच्या त्या गार हातावर ठेवला, आणि तो निसटू नये म्हणून घट्ट दाबून धरला.